एक माळढोक जाडा, एक रोडका

सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात कानातल्यांचा कारखाना निघाला होता. जत्रेच्या होम मैदानावर मिरवायला भाचीला स्वतः केलेली कानातली हवी होती, आणि हलव्याचे दागिने लहान मुलांना, असा तिचा निकाल होता. श्रिंक शीट नावाचं पातळ, धुरकट प्लॅस्टिक तिने मागवलं. छोट्या वाटीच्या बुडाने सहा सेंटीमीटरचे दोन गोल आखले, दोन्हींत नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी रंगवला, कापले, भोकं पाडली आणि ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत सरकवले. दोन-तीन मिनिटांनी बाहेर आले ते नाण्याएवढे, टणक आणि चांगले जाडजूड. पण जोडी जमेना. एक माळढोक लग्नाची पंगत उठवून आलेला, दुसरा दुष्काळातला.

"आत्या, एकाच वाटीनं काढलेत की!" ती रडवेली झाली.

वाटीचा दोष नव्हता. शीट दोन्ही दिशांना सारखं आटलं नव्हतं. का, हे समजायचं तर ते मुळात आटतं कशामुळे, तिथून सुरुवात करावी लागते.

आमच्या अण्णांनी उमेदीची वर्षं यंत्रमागावर काढली. त्यांनी लगेच ताडलं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं तेव्हा आपण पाण्याला बोल लावतो. ओढाताण मात्र आधीच मागावर झालेली असते. ताण्याचे उभे धागे मागावर खेचून धरलेले असतात, बाण्याचे आडवे त्या मानाने सैल. पाण्यात भिजल्यावर सुताला मोकळीक मिळते आणि ते मूळच्या निवांत लांबीकडे परततं. म्हणून कापड बहुतेक वेळा रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. "तुझं प्लॅस्टिक पण कुणीतरी ओढून ठेवलं असेल," अण्णा म्हणाले. रसायनशास्त्राचं एक पानही न वाचता त्यांनी नव्वद टक्के उत्तर सांगून टाकलं होतं.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्मोकोल त्याचाच हवा भरून फुगवलेला भाऊ. त्याचा एकेक रेणू म्हणजे स्टायरीनच्या दोन-तीन हजार कड्यांची साखळी. अशा साखळीला मोकळं सोडलं की ती सरळ राहत नाही, डब्यात टाकलेल्या लोकरीसारखी तिची गुंतवळ होते. त्यात कुठलीही जादूची ओढ नाही. सरळ राहण्याची तऱ्हा एकच, गुंतण्याच्या तऱ्हा अगणित. उष्णतेने साखळी सतत वळवळत असते, त्यामुळे ती कधीही बघा, गुंतलेलीच सापडणार. कारखान्यात ही शीट गरम, मऊ असताना आधी जास्त वेगाने फिरणाऱ्या रुळांवरून लांबीत ओढतात, मग कडा चिमट्यांत धरून रुंदीत ताणतात, आणि ताणलेल्या अवस्थेतच झटकन थंड करतात. साखळ्या अर्धवट सरळ झालेल्या जागीच गोठतात.

पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखं कडक असतं, त्याच्या वर साखळ्यांना हलायला वाव मिळतो. सोलापूरचं मे महिन्यातलं ४४ अंशांचं ऊनही त्यांना जागचं हलवू शकत नाही. ओटीजीतले १६० अंश मात्र पुरतात, आणि साखळ्या पुन्हा गुंतवळीत जाऊन बसतात. रबरबँडचंही गणित हेच आहे. फक्त रबर घरच्या तापमानालाच सैल असतं, त्यामुळे सोडल्याबरोबर परत येतं. पॉलिस्टायरीनला परत यायला ओटीजी लागतो.

उरलेल्या शीटमधून दहा सेंटीमीटरचा एक चौकोन कापून आम्ही भाजला. एका बाजूने तो ४.१ सेंटीमीटर झाला, दुसऱ्या बाजूने ४.६. ज्या दिशेला जास्त ताणलं, त्या दिशेला जास्त आटलं. भाचीने जागा वाचवायला एक माळढोक शीटवर उभा काढला होता, दुसरा आडवा. एकाची उंची जास्त गेली, दुसऱ्याची रुंदी.

आता वजनाचं बघा. काहीही उडून जात नाही, प्लॅस्टिक तेवढंच राहतं. क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्याच्याही थोडं खाली आलं, म्हणून जाडी पाच पटींहून जास्त वाढली: ०.३ मिलिमीटरची जवळपास १.६. सहा सेंटीमीटरच्या गोलाचं वजन आधीही जेमतेम ०.९ ग्रॅम, नंतरही तेवढंच. त्याच आकाराचं शुद्ध सोन्याचं कानातलं अठरा पट जड भरेल आणि कानाची पाळी कायमची लोंबेल (भाव तर विचारूच नका). रंगाचंही तसंच. तोच रंग पाचव्या हिश्श्यात दाटतो, म्हणून फिकट पिवळा हळदीसारखा होतो आणि गडद निळा थेट काळा. रंगवताना अगदी हात राखून रंगवायचं. भोक भाजण्याआधीच पाडायचं. पंचिंग मशीनचं सहा मिलिमीटरचं भोक अडीचवर येतं आणि कडी बरोबर बसते. नंतर पाडायला गेलात तर तुकडा तडकतो. कोपरे टोकदार ठेवले तर तेही जाड होऊन टोचतात.

ओटीजीच्या काचेतून बघताना मधे एक क्षण काळजाचा ठोका चुकतो. तुकडा पापडासारखा वळतो, कारण एक बाजू आधी तापते आणि आधी आटते. दुसरी बाजू तिला गाठते तेव्हा तो आपोआप सपाट होतो. घाई करून बाहेर काढू नका. आडव्या नंदीध्वजासारखा लांब-बारीक आकार असेल तर मात्र दोन टोकं एकमेकांना चिकटण्याची भीती खरी आहे. बाहेर काढल्यावर जाड पुस्तकाखाली दाबायला मोजकेच सेकंद मिळतात.

एक चूक माझ्या नावावर. चकाकी यावी म्हणून मी वरून पारदर्शक नेलपॉलिश लावलं. त्यातल्या द्रावकाने पॉलिस्टायरीन विरघळायला लागलं, पृष्ठभाग चिकट झाला आणि माळढोकाची मान ओघळली. पाण्यात मिसळणारं व्हार्निश चालतं. गॅसच्या ज्योतीवर हा खेळ करू नका. पॉलिस्टायरीन पेटलं की काळा, काजळीदार धूर सोडतं. खिडकी उघडी हवी, आणि भाजण्याचा ट्रे नानकटाईच्या ट्रेपासून वेगळा.

विकतचं शीट नको असेल तर पेस्ट्रीच्या पारदर्शक डब्याचं झाकण बघा. त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेटी मॉरिस आणि कॅथरिन ब्लूमबर्ग या दोघींनी १९७३ मध्ये ही गंमत 'श्रिंकी डिंक्स' या नावाने बाजारात आणली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड इथल्या नव्या शाखेत संशोधक मिशेल खाइन यांच्याकडे द्रवाचे थेंब खेळवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या चिप बनवायची महागडी यंत्रणा नव्हती. त्यांना लहानपणचं हे खेळणं आठवलं. लेझर प्रिंटरने शीटवर रेघा छापायच्या, भाजायचं, आणि शाईच्या उंचावलेल्या रेघांवरून नळ्यांचा साचा काढायचा. २००८ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जाडी वाढते ही आमची कानातल्यांची अडचण, त्यांना नेमकी तीच हवी होती.

दुसऱ्या खेपेला भाचीने प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात जास्त आटणाऱ्या दिशेचा बाण काढला आणि वाटी ठेवून दिली. अडीच सेंटीमीटरचा गोल हवा, तर बाणाच्या दिशेने ६.१ आणि आडवं ५.४ असा लंबगोल तिने कागदावर आखून घेतला. दोन्ही माळढोक बाणाच्याच दिशेला मान करून उभे केले, आणि तयार आकृतीपेक्षा जरा जास्तच लांब मानेचे काढले. अण्णा शेजारी बसून पट्टी धरून होते.