पॉइंटर दिला, पण मोडीत कोण काढणार?

शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीसाठी साच्याचं गणित करणारी जुनी सी++ लायब्ररी आहे, असं धरू. ‘साचा’ क्लासच्या पोटात रायझरच्या (साच्यात वितळलेल्या धातूचा जादा साठा ठेवणारा भाग) पॉइंटरांची, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांची, यादी. पायथनमधून साचा वाचला, त्यातला पहिला रायझर मागून घेतला, मग तेच व्हेरिएबल पुढच्या साच्यासाठी वापरलं आणि रायझरची उंची विचारली. पहिला साचा तोवर मोडीत निघालेला असतो, आणि जाताना रायझरही घेऊन गेलेला असतो. कधी प्रोग्रॅम क्रॅश होतो, कधी नुसतीच चुकीची उंची मिळते. दुसरं जास्त वाईट, कारण त्या आकड्यावर पुढे पॅटर्न बनतो.

सी++ लायब्ररी पायथनला जोडून देणाऱ्या साधनांना हा प्रश्न सोडवावा लागतो. त्यांपैकी १९९६ च्या स्विगने यावर सावध गृहीतक धरलं: परत आलेला पॉइंटर सी++ चाच, पायथनने तो डिलीट करायचा नाही. नवा ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या फंक्शनवर तशी खूण करायची राहिली, तर मेमरी गळते. काम मात्र चालू राहतं.

याच कामाचं बूस्ट.पायथन २००२ मध्ये नव्याने लिहिलं गेलं, तेव्हा निर्णय कडक झाला. क्लासचा कच्चा पॉइंटर परत करणारं फंक्शन, पॉलिसी (परत दिलेल्या ऑब्जेक्टचं काय करायचं याचा नियम) न सांगता, कम्पायलच होत नाही. एरर पानभर येते, पण तिच्यात एक लांबलचक टाइपनाव असतं आणि ते शब्दशः हेच सांगतं: रिटर्न पॉलिसी ठरवा.

२०११ च्या सी++ मानकात शेअर्ड पॉइंटर (शेवटचा वापरणारा गेला की ऑब्जेक्ट आपोआप मोडणारा) आला आणि नव्या कोडचा बराच ताण हलका झाला. जुना कोड कच्च्या पॉइंटरवरच राहिला. मग २०१५ मध्ये पायबाइंड११ आलं: आटोपशीर, नुसत्या हेडर फाइल्सचं, वापरायला सोपं. पॉलिसी सांगितली नाही तर ते स्वतःच ठरवतं. रेफरन्स (मूळ ऑब्जेक्टचंच दुसरं नाव) आला तर कॉपी, पॉइंटर आला तर मालकी पायथनकडे. नवा ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या फॅक्टरी फंक्शनला हे चपखल बसतं. आपल्या रायझरला नाही: पायथन तो डिलीट करतो, आणि साचा मोडताना त्याचा डिस्ट्रक्टर (मोडताना आपोआप चालणारा कोड) तोच रायझर पुन्हा डिलीट करतो. रेफरन्स दिला असता तर कॉपी मिळाली असती, आणि पायथनमध्ये बदललेली उंची साच्यापर्यंत पोचलीच नसती. मला वाटतं, इथे पाऊल मागे पडलं. जो प्रश्न कम्पायलर लिहिणाऱ्याला विचारत होता, तो आता स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, आणि त्याने सी++ पाहिलेलंही नसतं.

घोळ ‘मालकी’ या शब्दातही आहे. सातबाऱ्यावर मालक एक, कसणारा दुसरा, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. सी++ मध्ये मालकी म्हणजे मोडीत काढण्याची जबाबदारी, एवढंच. पण इथे पायथनला रायझरची मालकी नकोच आहे. रायझर हातात आहे तोवर साचा मोडू नये, इतकंच हवं. या नात्याला बूस्टने पालक आणि पाल्य म्हटलं, पायबाइंडने परिचारिका आणि रुग्ण. नावं वाचून कुणालाही वाटेल की साचा मोठा, म्हणजे पालक तोच. खरं उलट आहे: रायझर पालक आणि साचा पाल्य. पोटातली वस्तू आपल्या धन्याला जगवते. पायबाइंडमध्ये ० म्हणजे परत आलेला ऑब्जेक्ट आणि १ म्हणजे ज्याच्यावर मेथड चालवली तो, म्हणून क्रम ‘०, १’ असा. ‘१, ०’ लिहिलं तरी कम्पायलर हूं की चूं करत नाही. ‘रेफरन्स इंटर्नल’ पॉलिसी हा क्रम स्वतःच नीट लावते, म्हणून मी तीच वापरतो.

२०२२ च्या नॅनोबाइंड या तशाच साधनाने पॉइंटरचं गृहीतक तेच ठेवलं. २०२५ मध्ये पायबाइंड११ ची ३.० आवृत्ती आली. तिच्यात ऑब्जेक्ट सांभाळणाऱ्या नव्या स्मार्ट होल्डरमुळे पायथनकडचा ऑब्जेक्ट युनिक पॉइंटर (एकच मालक असलेला) म्हणून सी++ कडे परत सोपवता येतो, आणि सोपवल्यावर त्याला पायथनमधून हात लावला तर क्रॅशऐवजी व्हॅल्यूएरर ही पायथनची नेहमीची एरर मिळते. कच्च्या पॉइंटरचा २०१५ चा नियम तिथेही बदललेला नाही.