अभिनय आहे हे ठाऊक असूनही

मार्कस वेल्बी नावाच्या डॉक्टरांना पाच वर्षांत सुमारे अडीच लाख पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक पत्रांत आजाराविषयी सल्ला मागितलेला होता. हे डॉक्टर अस्तित्वात नव्हते. १९६९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या एका मालिकेतील ते पात्र होते आणि रॉबर्ट यंग हे अभिनेते ती भूमिका करत असत. पत्रे लिहिणारी माणसे भोळी होती असे म्हणून हा विषय संपवता येईल, पण मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात खोकल्याच्या एका औषधाची जाहिरात अमेरिकेत गाजली. तिच्यात अभिनेता सुरुवातीलाच सांगत असे, की मी डॉक्टर नाही, टीव्हीवर डॉक्टरची भूमिका करतो. खरे काय ते स्वतःहून सांगितल्यानंतरही भूमिकेचा प्रभाव टिकतो, याची जाहिरातदाराला खात्री होती. मानसशास्त्रातील प्रयोग पाहिले, तर ही खात्री अगदीच निराधार नव्हती असे दिसते.

१९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याविषयीचे निबंध वाचायला दिले. निबंधाची बाजू लेखकाने स्वतः निवडलेली नसून ती त्याला नेमून दिलेली होती, हे काही वाचकांना स्पष्ट सांगितले होते. तरीही कॅस्ट्रोंच्या बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार त्यांचा समर्थक असावा, असाच अंदाज या वाचकांनी केला. दुसऱ्याने नेमून दिलेले शब्द बोलणे हेच अभिनेत्याचे काम असते. त्यामुळे संशोधकांच्या मनात नटांचा विचार नसला, तरी हा प्रयोग नटांना तंतोतंत लागू पडतो.

असे का होते, याचा उलगडा डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये केलेल्या प्रयोगातून बराचसा होतो. त्यांनी एका अस्वस्थ, चुळबुळणाऱ्या स्त्रीची आवाज नसलेली चित्रफीत लोकांना दाखवली. ती कोणत्या विषयांवर बोलत आहे ते खाली लिहून येत होते. काहींना साधे विषय दिसले, तर काहींना कुणालाही संकोच वाटेल असे. संकोचाचे विषय वाचणाऱ्यांनी तिच्या अस्वस्थतेचे कारण परिस्थितीत शोधले आणि ती स्वभावानेच घाबरट असावी असा निष्कर्ष टाळला. मात्र ज्यांना ते विषय पाठ करण्याचेही काम दिले होते, त्यांना ही दुरुस्ती जमली नाही. तिच्या अस्वस्थतेचे कारण ते त्या क्षणी पाठ करत होते, तरीही त्यांनी तिला घाबरटच ठरवले. यावरून मनाचे काम टप्प्याटप्प्याने चालते असे दिसते. वागण्यावरून स्वभाव ठरवण्याचा टप्पा आपोआप आणि क्षणात पार पडतो. परिस्थितीचा विचार करून तो निष्कर्ष दुरुस्त करण्याचा टप्पा नंतर येतो आणि त्याला श्रम लागतात. कथेत रमलेला प्रेक्षक हा नेमका असाच गुंतलेला माणूस असतो. चांगले दिग्दर्शन, संगीत आणि संकलन त्याचे लक्ष कथेत इतके बांधून ठेवतात, की ‘हा अभिनय आहे’ ही माहिती डोक्यात असूनही ती वापरायला उसंत मिळत नाही. म्हणजे अभिनय जितका उत्तम, तितकी अभिनेत्यावर अन्याय होण्याची शक्यता अधिक, आणि मला ही गोष्ट खरोखर चुटपुट लावते.

आणखी एक शोध याहूनही चकित करणारा आहे. जॉन स्कोरॉन्स्की, डोनाल्ड कार्लस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की एखादी व्यक्ती दुसऱ्याच कुणाच्या क्रूरपणाविषयी बोलत असली, तरी ऐकणाऱ्याच्या स्मरणात तो क्रूरपणा बोलणाऱ्यालाही चिकटतो. इथे तर्क चुकत नाही. चेहरा आणि गुण एकाच वेळी समोर आले म्हणून स्मृतीत त्यांची गाठ पडते, एवढेच. निंदा करणाऱ्यावरही निंदेचे शिंतोडे उडतात ते याच मार्गाने. मग खलनायकाचा चेहरा आणि खलत्व वर्षानुवर्षे एकत्र पाहिल्यावर काय होणार? निळू फुले हे राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक चळवळींसाठी झटणारे गृहस्थ होते, पण त्यांचे नाव घेताच बहुतेक मराठी प्रेक्षकांना आधी आठवतो तो माजोरी, लंपट सरपंच किंवा पाटील.

मालिकांत ही गाठ अधिक घट्ट बसते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दूरचित्रवाणीवरील व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यात निर्माण होणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते. ठरलेल्या वेळी घरात येणारा चेहरा ओळखीचा होतो आणि ओळखीच्या माणसाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे असे वाटू लागते. रामायणावरील मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी हे दोघेही १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून आले. निवडणुकीच्या निकालामागे अनेक कारणे असतात, हे मान्यच आहे. तरी सीतेबरोबर रावणही निवडून यावा, यावरून पात्राच्या सद्गुणांइतकेच महत्त्व निव्वळ परिचयालाही असावे असे मला वाटते.

यावर उपाय म्हणून अभिनेते मुद्दाम वेगळ्या भूमिका घेतात. त्याने काही प्रमाणात फरक पडत असावा, कारण एकाच चेहऱ्याशी अनेक आठवणी जोडल्या गेल्या की त्यांपैकी कोणतीही एक आठवण चटकन वर येत नाही. पण नुरित ताल-ओर आणि याएल पापिरमान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रेक्षकांनी एकाच अभिनेत्याला परस्परविरुद्ध भूमिकांत पाहिले, तरी त्यांची चूक सुधारली नाही. शेवटी पाहिलेल्या पात्राचे गुण त्यांनी अभिनेत्याला बहाल केले.

पडद्याबाहेरच्या वर्तनाचा हिशेब मात्र वेगळा असतो. एकदा चोरी करणारा चोर ठरतो, पण एकदा प्रामाणिकपणे वागणारा प्रामाणिक ठरत नाही. कारण वाईट माणूसही अनेकदा चांगले वागतो, मात्र चांगला माणूस फार वाईट वागत नाही, असे आपण गृहीत धरतो. म्हणून वाईट कृत्य स्वभावाचा सबळ पुरावा मानले जाते, आणि ते घडलेच नव्हते असे नंतर सिद्ध झाले, तरी ठसा पुसला जात नाही. १९७५ मध्ये ली रॉस, मार्क लेपर आणि मायकेल हबर्ड यांनी काही जणांना एका चाचणीत २५ पैकी २४, काहींना १७, तर काहींना १० उत्तरे बरोबर आल्याचे खोटेच सांगितले. पुढे हे आकडे आधीच ठरवलेले होते, असे उघड केल्यानंतरही आपल्या कुवतीविषयीचे त्यांचे मत पूर्वीच्याच दिशेने झुकलेले राहिले. चाचणी नुसती पाहणाऱ्यांचेही तसेच झाले. मिळालेल्या माहितीभोवती मन लगेच कारणे गुंफते. मूळ माहिती काढून घेतली, तरी ती कारणे आपापल्या जागी उभीच राहतात.

मूकपटांच्या काळातील लोकप्रिय विनोदी नट रॉस्को आर्बकल यांच्या वाट्याला हेच आले. १९२१ मध्ये एका तरुण अभिनेत्रीच्या मृत्यूप्रकरणी त्यांच्यावर खटला झाला. पहिल्या दोन खटल्यांत ज्यूरीचे एकमत झाले नाही. तिसऱ्या ज्यूरीने १२ एप्रिल १९२२ रोजी अवघ्या काही मिनिटांत त्यांना निर्दोष ठरवले आणि नुसती सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, असे लेखी निवेदनही दिले. त्यानंतर सहाच दिवसांत त्यांच्या चित्रपटांवर बंदी आली. ती त्याच वर्षी उठली, पण प्रेक्षकांच्या मनातील आर्बकल पूर्वीचे राहिले नाहीत. पुढची कित्येक वर्षे त्यांनी विल्यम गुडरिच या नावाने दिग्दर्शन केले. १९३२ मध्ये त्यांना काही लघुपटांत स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चेहऱ्याने पुन्हा उभे राहता आले. जून १९३३ मध्ये ते वारले.