केमोनंतरचा ताप साधा नसतो

केमोथेरपीनंतर मूल तीन-चार दिवस बरं दिसलं की ‘झेपली एकदाची’ असं घरच्यांना वाटतं. मळमळ थांबलेली असते, खेळणं सुरू झालेलं असतं. मग आठव्या-दहाव्या दिवशी अंग तापतं आणि सर्दीचा ताप समजून पॅरासिटामॉल दिलं जातं. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. धोक्याचे दिवस उशिरा का येतात याचं उत्तर अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या मऊ भागात आहे.

जिवाणूंवर सर्वांत आधी तुटून पडतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, प्लेटलेट ७ ते १० दिवस. न्यूट्रोफिल मात्र रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस असते. त्यामुळे त्यांचं उत्पादन अखंड चालू ठेवावं लागतं. प्रौढ माणसात रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात.

या उत्पादनाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट आणि मायलोसाइट या पेशी विभाजनाने संख्या वाढवतात. मेटामायलोसाइटपासून पुढे विभाजन बंद होतं. पेशी नुसती पक्व होते आणि मज्जेतच साठून राहते. हा दुसरा टप्पा साधारण पाच-सहा दिवसांचा. केमोची बहुतेक औषधं विभाजन होत असलेल्या पेशींना मारतात, म्हणजे पहिला टप्पा उजाड होतो आणि दुसरा बराचसा वाचतो. वाचलेला साठा पुढचे काही दिवस रक्तात येत राहतो, म्हणून काउंट, म्हणजे रक्तातली न्यूट्रोफिलची संख्या, ठीक दिसतो. साठा संपतो तेव्हा मागून यायला काहीच नसतं. बऱ्याच औषधांनंतर काउंटचा हा तळ ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान गाठला जातो. मूळपेशींपैकी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात) बऱ्याच त्या वेळी विभाजित होत नसल्याने बचावतात आणि त्यांच्यातूनच मज्जा पुन्हा भरते. रक्ताच्या कर्करोगात उपचारांच्या सुरुवातीला मात्र हा हिशेब चालत नाही. मज्जा कर्कपेशींनीच व्यापलेली असल्यामुळे काउंट पहिल्या दिवसापासून कमी असू शकतो.

रिपोर्टवरचा एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पुरेसा नाही. तो १,८०० आणि त्यात न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर न्यूट्रोफिलचा खरा आकडा, म्हणजे एएनसी (अ‍ॅब्सोल्यूट न्यूट्रोफिल काउंट), ३६० येतो. ५०० च्या खाली गंभीर, १०० च्या खाली सर्वांत धोकादायक. काउंट जितका कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग जास्त, हे संशोधक बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच आकड्यांनिशी दाखवलं.

त्याच दिवसांत दुसरं संकट उभं राहतं. तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही झपाट्याने विभाजित होतात, त्यामुळे अस्तर सोलवटतं. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे आतड्यातलेच जिवाणू तिथून रक्तात शिरतात. म्हणूनच ‘कोणी आजारी माणूस भेटायला आला नव्हता’ हा दिलासा फसवा असतो. पू हा मुख्यतः न्यूट्रोफिलचाच बनतो. त्या नसल्या की पू होत नाही, लाली-सूज नाममात्र असते, न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. ताप हीच काय ती खूण उरते, आणि पॅरासिटामॉल तीच पुसून टाकतं. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर तापही येईलच असं नाही. मूल मलूल पडलं, थंडीने कुडकुडलं, हातपाय गार पडले, तर थर्मामीटर काहीही सांगो, रुग्णालय गाठावं.

तोंडात मोजलेला ताप एकदा ३८.३ अंश सेल्सिअस (सुमारे १०१ फॅरनहाइट) किंवा तासभर ३८ (१००.४) राहिला की तातडीची वेळ समजतात, उपचार करणाऱ्या केंद्राने आकडा वेगळा दिला असेल तर तो पाळावा. गुदद्वारात थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा काहीही नको. नाजूक अस्तराला ओरखडा पडला की जिवाणूंना वाट मिळते. रुग्णालयात सेंट्रल लाइनच्या (औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या) प्रत्येक मार्गातून ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का हे पाहण्याचा नमुना, घेतात आणि पोहोचल्यापासून ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करण्याचं उद्दिष्ट ठेवतात. कल्चरमध्ये जिवाणू दिसायला २४ ते ४८ तासही जाऊ शकतात, म्हणून अहवालासाठी थांबत नाहीत. लहान मुलांचं शरीर रक्तदाब शेवटपर्यंत सावरून धरतं. नाडी आधी वाढते. दाब घसरलेला दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णं या काळात देणं धोक्याचं आहे. ती मज्जेतलं विभाजन परत सुरू करत नाहीत, आणि न शिजवलेल्या वनस्पतीच्या भुकटीत बुरशीचे बीजाणू असू शकतात. संशोधनातून खरोखर सिद्ध झालेलं संरक्षण याहून साधं आहे. १९७७ मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक तपासलं. औषध घेणाऱ्यांपैकी एकालाही तो झाला नाही, नुसती प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा) घेणाऱ्या ८० पैकी १७ जणांना झाला. आज हे औषध बहुतेकदा आठवड्यातून दोन-तीन दिवसच देतात आणि मूल ठणठणीत दिसलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत थांबवत नाहीत.

फोन करताना पाच गोष्टी हाताशी ठेवाव्यात: शेवटच्या केमोची तारीख, शेवटचा एएनसी, ताप किती आणि कधी मोजला, सेंट्रल लाइन किंवा पोर्ट (त्वचेखाली बसवलेली तशीच सोय) आहे का, आणि कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे.