पहिले तीन आठवडे नुसतं ऐकायचं, ते का?

(जर्मनच्या वर्गात नाव नोंदवलेले विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी)

दुसरा आठवडा उजाडला की विचारणा सुरू होते : "फी भरली, पुस्तकं आली, पण मुलांना अजून बोलायला का लावत नाही?" रास्त प्रश्न आहे. उत्तर थोडं लांब आहे, म्हणून हे पत्रक.

पुण्यात बोट क्लब रस्त्यावर आणि मुंबईत काळा घोडा भागात मॅक्स म्युलर भवन ही जर्मन शिकवणारी संस्था आहे. भारताबाहेर हीच संस्था गटे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. या दोन्ही नावांत एकेक स्वर असा आहे, जो मराठीत नाहीच. पहिला 'म्युलर'मधला. जर्मनमध्ये तो यू या अक्षरावर दोन टिंबं देऊन लिहितात. दुसरा 'गटे'मधला. एरवी त्यासाठी ओवर दोन टिंबं देतात, जर्मन कवी गटेच्या नावात मात्र ओपुढे ई लिहितात, स्वर तोच. देवनागरीत दोघांनाही अक्षर नसल्यामुळे इथे आपण त्यांना 'टिंब-ऊ' आणि 'टिंब-ओ' म्हणू.

टिंब-ऊ म्हणताना जीभ 'ई'च्या जागी पुढे असते आणि ओठ 'ऊ'सारखे गोल. मराठीत हे एकत्र कधी होत नाही. इ, ए म्हणताना आपले ओठ पसरतात, उ, ओ म्हणताना जीभ मागे जाते. मग मराठी कान त्या एका स्वराचे दोन ओळखीचे तुकडे करतो, आधी य आणि मग ऊ. झालं म्युलर. टिंब-ओची तऱ्हा आणखी वेगळी. मराठीत गटे, हिंदीत गेटे. शेजारी-शेजारी राहून आपण 'अ' ऐकला, त्यांनी 'ए'.

जुन्या छापील मराठीत ब्यांक, ग्यास, म्यानेजर असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. इंग्रजीतला 'ॲ' तेव्हा असाच य आणि आ मिळून लिहिला जाई. पुढे इंग्रजी शब्द इतके रुळले की तो स्वर आपलाच झाला, त्याला डोक्यावर चंद्र मिळाला, आणि आज कोणी 'ब्यांक' म्हटलं की आपल्याला हसू येतं. कानाला वळण लागतं, फक्त ऐकणं भरपूर लागतं.

निकोलाय त्रुबेत्स्कोय या रशियन भाषाशास्त्रज्ञाने, 1939 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात, मातृभाषेला चाळणी म्हटलं होतं : परकी भाषा तीतूनच गाळून कानात येते. ही चाळणी किती लवकर बसते, हे अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवलं. अमेरिका आणि स्वीडनमधल्या सहा महिन्यांच्या बाळांना त्यांनी दोन स्वर ऐकवले, एक इंग्रजीतला 'ई' आणि दुसरा स्वीडिशमधला, आपल्या टिंब-ऊच्या जातीचा. आपल्या भाषेतल्या स्वराच्या आसपासचे बारीक फरक बाळं सोडून देत होती, परक्या स्वरातले तेवढेच फरक मात्र जास्त टिपत होती. बोबडे बोलही फुटायच्या आत कान घरच्या भाषेचा झालेला! आपल्याला ताक आणि टाक यांतला फरक झोपेतही कळतो. इंग्रज माणसाला दोन्ही एकच वाटतात. त्यात त्याच्या अकलेचा संबंध नाही, तसा इथे तुमच्या मुलाच्या अकलेचाही नाही.

जर्मनमध्ये या टिंबांवर अर्थ लटकलेला असतो. 'ब्रूडर' म्हणजे एक भाऊ. त्यातल्या ऊचा टिंब-ऊ केला की अनेक भाऊ, शब्दात बाकी काही बदलत नाही. 'द्रुकन' म्हणजे छापणं, तोच टिंबांसह म्हणजे दाबणं. नर्सिंगसाठी जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. 'कोन्टं' म्हणजे जमलं, आणि टिंब-ओसह जमू शकेल. परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात असे गुण जातात आणि पोरं व्याकरणाला दोष देतात.

घरी करून पाहा. 'ई' म्हणा, आवाज थांबवू नका, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. जे निघेल तो टिंब-ऊ. 'ए' म्हणत ओठ गोल केले की टिंब-ओ. आता तो स्वर लांबवा. शेवटी साधा 'ऊ' ऐकू आला तर जीभ मागे सरकली, म्हणजे तुम्ही 'यू' म्हणत होतात. फोनचा सेल्फी कॅमेरा लावून ओठ बघा, शेवटपर्यंत हलता कामा नयेत.

टिंबवाले स्वर निदान परके आहेत हे कळतं तरी. खरा त्रास ओळखीचे वाटणारे देतात. जेम्स फ्लेगी या अमेरिकन संशोधकाने 1987 साली फ्रेंच बोलणाऱ्या अमेरिकनांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. इंग्रजीत नसलेला, पण फ्रेंचमध्ये असलेला टिंब-ऊ त्यांतल्या सरावलेल्यांना नीट जमला, इंग्रजीसारखाच वाटणारा फ्रेंचमधला साधा 'ऊ' मात्र नाही. आपल्याकडे ती जागा ऱ्हस्व-दीर्घाची. लिहिताना आपण पहिली-दुसरी वेलांटी पाळतो (किंवा चुकवतो, शाळेत त्यावर गुण घालवले नाहीत असा मराठी माणूस विरळा), पण बोलताना केवळ लांबीने अर्थ बदलावा अशी सवय आपल्या कानाला नाही. जर्मनमध्ये 'श्टाट' आखूड म्हटलं की शहर, लांबवलं की राज्य. आपल्या कानाला दोन्ही एकच 'आ'. वर्गात टिंबांपेक्षा जास्त वेळ आम्ही यावर घालवतो.

म्हणून पहिले तीन आठवडे रोज जोड्या ऐकायच्या आणि कोणता शब्द होता तेवढं सांगायचं. ध्वनिफितींत बाया, पुरुष, म्हातारे, पोरं असे वेगवेगळे आवाज आहेत, कारण एकाच शिक्षकाच्या आवाजावर तयार झालेला कान दुसऱ्या आवाजापुढे गडबडतो. वहीत जर्मन शब्द देवनागरीत लिहू नका. या पत्रकात आम्हीच ते केलंय, पण वाचणाऱ्याला अजून जर्मन येत नाही म्हणून. तुम्ही 'म्युलर' लिहून ठेवलंत की पुढे डोळा तेच वाचतो आणि कानही तेच ऐकतो.

ध्वनिफिती रोज संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतील. हेडफोन लावून ऐका, टीव्ही चालू असताना नको. आणि पालकांनी "आता दोन वाक्यं बोलून दाखव" हा आग्रह चौथ्या आठवड्यापर्यंत धरू नये, ही विनंती.