गिटारची सॅडल मागवताय? आधी खाच मोजा

गिटारच्या तारा जिथे अडकतात त्या लाकडी ब्रिजच्या खाचेत बसणारी, तारांना टेकू देणारी पट्टी म्हणजे सॅडल. हाडाची सॅडल मागवताना बहुतेक जण जुनी सॅडल उपसतात, पट्टीने मोजतात आणि ‘३ एमएम पाठवा’ असं कळवतात. आमच्याकडे परत येणाऱ्या सॅडल बहुतेक याच मापाच्या. मूळची प्लास्टिकची सॅडल खाचेत बऱ्याचदा सैलच असते. तिच्या मापाने केलेली नवीही तशीच बसते. लाइट (बारीक तारांच्या) सेटच्या सहा तारांची ओढ ७० किलोच्या आसपास. तेवढ्या ओढीने सैल सॅडल नेककडे (दांड्याकडे) कलते, इंटोनेशन बिघडतं (फ्रेटवर दाबलेले सूर नीट लागत नाहीत) आणि पुढेमागे ब्रिजलाच चीर जाते.

म्हणून माप खाचेचं हवं. आतला गोंद, भुसा साफ करा आणि व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. व्हर्निअर नसेल तर ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग खाचेत घालून पाहा: २.५ चा जातो आणि ३ चा अडतो, एवढं कळवलंत तरी आमचं निम्मं काम होतं.

नुसत्या मॉडेलवरून आम्ही सॅडल पाठवत नाही, याचा काहींना राग येतो. मार्टिन कंपनीच्या गिटारची खाच साधारण २.४ मिमी, टेलरची ३.२, पण गिटार जुनी असेल तर मधल्या काळात कोणी कानस फिरवली असेल, ते मॉडेलवरून कसं कळणार?

रुंद सॅडलने आवाज मोठा होतो असं आम्हाला तरी आढळलेलं नाही. फायदा आहे तो माथ्यावर जागा मिळण्याचा: बी तारेचा टेकू मागे, पहिल्या ई चा पुढे घेता येतो. वरच्या फ्रेटवर सूर नीट लागत असतील तर २.४ ची खाच रुंद करून घेऊ नका, उगाच खर्च. लागत नसतील तर गिटार दुकानात आणा. तपासणीचे पैसे घेत नाही.

आम्ही सॅडल मुद्दाम ०.१ ते ०.२ मिमी जाड ठेवतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून एकच बाजू घासा. बोटांच्या दाबाने आत जावी, गिटार उलटी केली तरी पडू नये. हातोडी नको, फेव्हिक्विक तर नकोच. घासलेली सॅडल परत घेता येत नाही.

सॅडलखाली पिकअप (तारांचा आवाज अँप्लिफायरकडे नेणारी पट्टी) असेल तर ऑर्डरमध्येच लिहा. तळ जरा जरी वाकडा राहिला तरी एखादी तार दबकी वाजते. अशी सॅडल आम्हीच बसवून दिलेली बरी.