जर्मन साहित्य आणि जर्मनमधलं ऑस्ट्रियन साहित्य: गल्लत कुठे होते?

काफ्काला आपल्याकडे सर्रास 'जर्मन लेखक' म्हणतात. तो प्रागचा. 1918 पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचा प्रजाजन, त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक. जर्मनीचा कधीच नव्हता. योझेफ रोट, रोबर्ट मुझिल, कार्ल क्राउस या ऑस्ट्रियन लेखकांचीही तीच गत. लिहिलं जर्मनमध्ये, म्हणून जर्मनीचा कादंबरीकार थॉमस मान आणि नाटककार ब्रेख्त यांच्या पंगतीत बसवले गेले.

ही पंगत वेगळी करायला हवी, असं अमेरिकन समीक्षक मार्जोरी परलॉफ यांनी 2016 च्या 'एज ऑफ आयरनी' (Edge of Irony) या पुस्तकात मांडलं. परलॉफ मूळच्या व्हिएन्नाच्या, ज्यू घरातल्या. 1931 चा जन्म. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा घरच्यांबरोबर निसटल्या, पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाल्या, 2024 मध्ये वारल्या. त्यांच्या मांडणीचा गाभा मी असा समजतो: दोन्हीकडचे लेखक एकच महायुद्ध (पहिलं) हरले, पण हरण्याची जात वेगळी होती.

जर्मनी हरला, कैसर परागंदा झाला, तरी देश जागेवर राहिला. आकसलेला, कर्जबाजारी, पण राजधानी तीच आणि भाषाही तीच. ऑस्ट्रिया-हंगेरी मात्र नकाशावरून पुसलीच गेली. पाच कोटींवर वस्तीचं राज्य होतं ते. व्हिएन्नाच्या वाट्याला उरला सुमारे 65 लाखांचा देश. त्या राज्याच्या नोटेवर एका अंगाला हंगेरियन असे आणि दुसऱ्या अंगाला जर्मनबरोबर चेक, पोलिश, युक्रेनियन, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, रोमानियन. आपल्या नोटेवर भाषांची पट्टी असते ना, तशीच. साम्राज्य मोडल्यावर नव्या देशांनी याच नोटांवर आपापले शिक्के मारून त्या चालवल्या.

आता लेखकांचं बघा. जर्मन लेखकापुढचा प्रश्न सरळ होता: या देशाचं आता करायचं काय? म्हणून जर्मनीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात (1919 ते 1933) जाहीरनामे, पक्ष, नवं रंगतंत्र, नवा माणूस घडवायची घाई. ब्रेख्त प्रेक्षकाला खुर्चीत सुखाने बसू देत नाही, बाजू घ्यायला लावतो. ऑस्ट्रियन लेखकाकडे सुधारायला देशच उरला नव्हता. त्यामुळे कुठल्याच विचारसरणीवर पुरता भरवसा नाही, तोडगा सुचवणं नाही. उरतो तो तिरकसपणा. आणि तो नुसती खिल्ली नसतो. ज्याची टर उडवायची त्याच्यावर जीवही जडलेला असतो.

मुझिलची 'गुणधर्म नसलेला माणूस' ही कादंबरी (पहिला खंड 1930) तर हे दोन देश शेजारी ठेवूनच रचलेली आहे. साल 1913. व्हिएन्नात कुणकुण लागते, की 1918 मध्ये कैसर विल्हेल्मच्या राज्याला 30 वर्षं होतील म्हणून जर्मन लोक थाटाचा सोहळा करणार आहेत. पण आपल्या बादशहा फ्रान्झ योझेफला तर त्याच साली 70 होतायत! झालं, समिती बसते. जर्मनांवर कडी करणारी एखादी महान कल्पना शोधायची असते. सरदार येतात, सेनापती येतात, दिवाणखान्यात चर्चा झडतात, कल्पना काही सापडत नाही. 1918 मध्ये दोन्ही सिंहासनं गेली हे वाचकाला ठाऊक असतं. मुझिल ते ओरडून सांगत नाही. हजारावर पानं लिहूनही कादंबरी अपुरी राहिली. पुरी होणं तिच्या स्वभावातच नव्हतं, असं मला वाटतं.

क्राउसने युद्धावर अवाढव्य नाटक लिहिलं आणि त्यातले कितीतरी संवाद छापील बातम्या, जाहिराती, भाषणं यांतून जसेच्या तसे उचलले. त्याच्यावर जास्त काही बोलायची गरज नाही. ते उतारेच बोलतात.

रोटपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथे दुसरी गल्लत होते: तिरकसपणा आणि हळहळ यांची. इटलीतल्या त्रिएस्तचे अभ्यासक क्लाउदिओ माग्रिस यांनी 1963 मध्येच दाखवलं होतं, की ऑस्ट्रियन लेखकांनी गेलेल्या साम्राज्याची दंतकथा करून टाकली. रोटच्या 'राडेट्स्की मार्च' या कादंबरीवर (1932) हा आरोप सहज चिकटतो. पण त्यातला सरहद्दीवरच्या समारंभाचा प्रसंग वाचा. बाहेर वादळ, आत मेजवानी, आणि युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा सारायेव्होत खून झाल्याची वदंता येते. हंगेरियन अधिकारी आपसात हंगेरियनमध्ये बोलू लागतात. येलाचिच नावाचा स्लोव्हेन कॅप्टन भडकतो: जर्मनमध्ये बोला! त्यावर एक हंगेरियन सरदार शांतपणे जर्मनमध्ये सांगतो, की ते डुक्कर मेलं असेल तर बरंच झालं, असं आमचं ठरलंय. जर्मनचा आग्रह धरणारा स्लोव्हेन आहे, हे विसरू नका. साम्राज्य ज्या भाषेवर तोललेलं, तिच्यातच त्याला शिवी मिळते. हळहळणारा लेखक असा प्रसंग लिहिणार नाही.

ही वेगळी पंगत पासपोर्टवर ठरत नाही. लेखक एलियास कानेट्टीचा जन्म बल्गेरियातल्या रुसेचा, म्हणजे साम्राज्याबाहेरचा. घरात लादिनो (स्पेनमधून आलेल्या ज्यूंची भाषा) चालायची आणि आईबाप आपसात जर्मन बोलायचे. कवी पाउल त्सेलान 1920 मध्ये, एके काळी साम्राज्यात असलेल्या चेर्नोवित्सला जन्मला, तेव्हा साम्राज्य संपून दोन वर्षं झाली होती. परलॉफ दोघांनाही पंगतीत घेतात, आणि ते मला पटतं.

पटत नाही ते एवढंच, की परलॉफ यांची निवड जर्मनपुरतीच राहते. हीच सारायेव्होची बातमी यारोस्लाव हाशेकच्या कादंबरीतल्या श्वेइकला मोलकरणीकडून कळते, तेव्हा तो विचारतो: कुठला फर्डिनांड? त्याच्या ओळखीचे दोन आहेत. एक औषधवाल्याकडे कामाला, ज्याने चुकून केसांचं तेल पिऊन टाकलं होतं, दुसरा कुत्र्यांची घाण गोळा करतो. दोघांतला कुणीही गेला तरी नुकसान नाही, म्हणतो. हाशेक चेकमध्ये लिहीत होता, म्हणून तो जर्मन साहित्याच्या कपाटात कधी गेलाच नाही, आणि परलॉफ यांच्या पुस्तकात त्याला प्रकरणही नाही. तिरकसपणा मात्र अस्सल तोच.