मेलॅनोसाइट व मेलॅनोमा

मेलॅनोसाइट : त्वचा, केस व डोळ्यांची बुबुळे यांना रंग देणारे मेलॅनिन तयार करणारी पेशी. तिच्या अनिर्बंध वाढीतून उद्भवणाऱ्या कर्करोगास मेलॅनोमा म्हणतात. बाह्यत्वचेच्या तळच्या थरात साधारण दहा पेशींमागे एक मेलॅनोसाइट असते. तिला फांद्या असतात व त्यांच्या टोकांतून ती भोवतालच्या सुमारे ३६ केराटिन-पेशींना (बाह्यत्वचा ज्यांची बनलेली असते त्या पेशींना) मेलॅनिनचे कण पुरवते. हे कण त्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे जमून जंबुपार किरणांपासून डीएनएचे रक्षण करतात. सावळ्या व गोऱ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो कणांचे आकारमान, त्यांची मांडणी आणि ते किती लवकर विरतात यांमुळे. ब्रूनो ब्लॉख यांनी १९१७ मध्ये त्वचेचे काप ‘डोपा’ या मेलॅनिनच्या कच्च्या द्रव्याच्या द्रावणात ठेवले असता ठरावीक पेशीच काळ्या पडतात असे दाखवले आणि रंग कोठे तयार होतो हे डोळ्यांना दिसू लागले.

या पेशी येतात कोठून, यावरचा वाद अधिक लांबला. तीळ म्हणजे अशाच पेशींचा पुंजका; त्यातील पेशी बाह्यत्वचेतून खाली निसटतात, असे पाउल उना यांनी १८९३ मध्ये मांडले. पिएर मासाँ यांनी १९२६ मध्ये त्याच तिळांचा संबंध त्वचेतील मज्जातंतूंशी जोडला; पुढे त्यांनी वरच्या थरातील पेशी बाह्यत्वचेच्या व खोलवरच्या मज्जातंतूंच्या आवरणाच्या, अशी दुहेरी उत्पत्ती सुचवली. दरम्यान ड्यूशेन यांनी १९३० च्या दशकात उभयचरांच्या भ्रूणांवर, तर मेरी रॉल्स यांनी १९४७ मध्ये उंदरांवर प्रयोग करून मेलॅनोसाइट मूळच्या बाह्यत्वचेतल्या नव्हेतच, त्या भ्रूणातील तंत्रिका-शिखेतून (भावी मज्जारज्जूच्या कडेच्या पेशीपट्ट्यातून) स्थलांतर करून येतात, हे दाखवले. त्यामुळे उनांचा पक्ष मागे पडला आणि मासाँचे म्हणणेही काही दशके विस्मरणात गेले. २००९ मध्ये मात्र स्टॉकहोमच्या संशोधकांनी उंदरांत असे दाखवले की, बऱ्याच मेलॅनोसाइट मज्जातंतूंच्या कडेने येतात आणि त्या श्वान पेशींच्या (मज्जातंतूंचे आवरण बनवणाऱ्या पेशींच्या) पूर्वजांपासून बनतात. सध्याचा कल थेट स्थलांतराची व मज्जातंतूंच्या कडेची, अशा दोन्ही वाटा मान्य करण्याकडे आहे व तो रास्त दिसतो. माणसाच्या तिळात कोणत्या वाटेचा वाटा किती, हे उंदरावरून ठरवणे मात्र धाडसाचे होईल.

मेलॅनोमाचे अनुवंशशास्त्र प्रथम उलगडले ते माशांत. प्लेटी व स्वोर्डटेल हे मासे, जे आज शोभिवंत माशांच्या कोणत्याही दुकानात मिळतात, त्यांच्या संकराच्या काही संततीत काळी अर्बुदे (गाठी) होतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मायरन गॉर्डन व कुर्ट कोसविग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ती मेंडेलच्या नियमांनुसार येतात हे दाखवले. कर्करोगाला वारशाने मिळणारे घटक कारण असू शकतात, याचा हा आरंभीच्या पुराव्यांपैकी एक होय.

माणसातील रोगाची नोंद जुनी आहे. शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८७ मध्ये जबड्याजवळून काढलेली गाठ लंडनच्या संग्रहालयात जतन झाली व १९६८ मध्ये ती मेलॅनोमाच असल्याचे ठरले. रोगाचे स्वतंत्र वर्णन १८०४ च्या सुमारास फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी केले असे बहुधा धरले जाते. फ्रेंच शल्यविशारद द्युप्युत्रें यांनी त्या श्रेयावर हक्क सांगितला होता. २००२ मध्ये अर्ध्याहून अधिक मेलॅनोमांत ‘बीराफ’ (BRAF) या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातील एकच बदल सापडला. पण पुढच्याच वर्षी तोच बदल बहुतेक निरुपद्रवी तिळांतही आढळला. म्हणजे एवढ्याने कर्करोग होत नाही; तिळाच्या पेशी काही काळ वाढून थांबतात. शिवाय बहुतेक मेलॅनोमा तीळ नसलेल्या त्वचेतच नव्याने उद्भवतात.

गोव्याच्या संदर्भात सूर्यप्रकाशाचा मुद्दा तपासून घ्यावा लागतो. हा प्रदेश सुमारे १५° उत्तर अक्षांशावर असून सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या आरंभी व ऑगस्टच्या मध्यास, थेट माथ्यावर येतो. दुसरी खेप पावसाळी ढगांआड जाते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे, मिठागरांत राबणारे, खाजन (खाडीकाठच्या बांधबंदिस्तीच्या) शेती करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या या उन्हात आहेत, तरी भारतात मेलॅनोमाचे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. गोऱ्या लोकांत धोका वाढतो तो मुख्यतः अधूनमधून अंग भाजून घेण्याने, असे मत आज बहुमान्य आहे. वर्षभर कार्यालयात बसून सुट्टीत कळंगुटच्या वाळूवर पडून राहणारा पाहुणा त्यात मोडतो, शेजारचा रापणकार नव्हे. पाहुण्याला पुढे रोग झालाच तर तो त्याच्या देशाच्या नोंदवहीत जातो.

सावळ्या त्वचेत मेलॅनोमा झालाच तर तो तळपाय, तळहात किंवा नखाखाली होण्याचे प्रमाण मोठे असते. रीड यांनी १९७६ मध्ये हा प्रकार वेगळा काढला. त्याच्या जनुकांत उन्हाच्या खुणा थोड्या आणि गुणसूत्रांची मोडतोड जास्त, हे २०१७ च्या संपूर्ण जनुकसंच-वाचनातून दिसले. तळव्यावर पडणारा भार व घर्षण कारणीभूत असावे, अशीही एक उपपत्ती आहे. ती अजून सिद्ध झालेली नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकांतला ‘उन्हापासून जपा’ हा सल्ला येथे अपुरा पडतो. तळव्यावरचा काळा डाग कुरूप किंवा रुतलेला काटा समजून घरीच कोरला जातो, आणि तळपायाचा तीळ प्रवासाचा योग दाखवतो ही समजूत त्याकडे पाहूच देत नाही. नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकत जाते. मेलॅनोमाची काळी रेघ तशी सरकून जात नाही, उलट रुंदावते व कधी नखाच्या मुळाशी कातडीवर उतरते. कातडीवर उतरण्याचे हे लक्षण जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये नोंदले. सावळ्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा असणे मात्र नेहमीचे व निर्धोक असते.

सुश्रुतसंहितेत तिलकालक, मषक, न्यच्छ व व्यंग हे विकार क्षुद्ररोगांत येतात. त्यांतील एखाद्याला आजच्या मेलॅनोमाशी जुळवण्याचा प्रयत्न ओढाताणीचा वाटतो.

उपचारांत शस्त्रक्रिया प्रमुख आहे. निदानावेळी गाठीची जाडी १ मिमी. पेक्षा कमी असल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. हे मोजमाप अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये रूढ केले. २०११ पासून बीराफ-रोधक व प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे उपलब्ध झाली. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनी काही रुग्णांच्या अंगावर कोड उठते, कारण चेतवलेल्या प्रतिकार-पेशी निरोगी मेलॅनोसाइटवरही तुटून पडतात. अशा रुग्णांत उपचाराचा गुण सहसा अधिक येतो.